गोदाबाईंचं तुटक बोलणं

पुण्याच्या मंडईत गोदाबाईंचं तोंड प्रसिद्ध होतं. जवळच्या मांजरी गावाहून त्या पालेभाजी घेऊन यायच्या आणि गिऱ्हाइकाने जुडी उलटीपालटी केली, की एका दमात सुनवायच्या, "मुलगी बघायला आलाय का भाजी घ्यायला, पसंत नसंल तर खाली ठेवा आन् घरी जाऊन कळवा!" लोक हसत आणि जुडी पिशवीत टाकत.

त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र बाई तुटक बोलू लागल्या. "घ्या." "नको?" "ठेवा." गिऱ्हाइकांना वाटलं, मांजरीची बाई अखेर अस्सल पुणेरी झाली. योगेशला वाटलं, आई रुसली. हिंजवडीच्या आयटी कंपनीत लागल्यापासून "आई, आता गाळा सोड" हेच त्याचं पालुपद होतं.

खरं काय ते गोदाबाईंनाच ठाऊक. लांबलचक वाक्य छातीत मावेनासं झालं होतं. पण दम लागतो म्हटलं, की गाळा गेलाच! म्हणून त्या शब्द वाचवत होत्या.

खोकला काही लपेना. योगेश त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर पायल योगेशहूनही लहान दिसत होती.

"दम लागतो का, मावशी?"

"नाय."

"जिना चढताना?"

"नाय."

"मनावर घेऊ नका," योगेश म्हणाला. "मंडईत बसते ना, असंच बोलते."

पायल मात्र गोदाबाईंच्या गळ्याकडे बघत होती. प्रत्येक श्वासाला तिथली शीर ताणली जात होती. "मावशी, मला मेथीची भाजी जमत नाही. कशी करायची?"

"निवडायची…" श्वास. "धुवायची…" श्वास. "लसूण…"

"फोडणीच्या आधीच दमलात की!"

योगेशचा चेहरा उतरला.

पायलने पाठीवर एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या बोटाने त्यावर ठोकत ती वरून खाली आली.

"कलिंगड… बघतीस व्हय?"

"तसंच. वर पोकळ वाजतंय, उजवीकडे खाली भरीव." मग तिने तिथे स्टेथोस्कोप लावला. "श्वास घ्या. अं हं, इथे आवाजच पोचत नाही. मावशी, उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन."

"डावीकडं… अन्याय?"

"तिथे हृदयाला जागा द्यावी लागते ना!"

"पोटभाडेकरू," गोदाबाई पुटपुटल्या.

एक्स-रेतही तेच दिसलं. उजव्या फुप्फुसाच्या बाहेर पाणी साठलं होतं, त्यामुळे खालच्या भागाला फुगायला जागाच उरली नव्हती.

गोदाबाईंनी एकच शब्द विचारला, "गाळा?"

योगेश काही बोलायच्या आत पायल म्हणाली, "पाणी काढू. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. श्वासाचे व्यायाम रोज. तुमचं वाक्य पुरं झालं, की गाळा तुमचा."

"एका दमात हां, आई," योगेशने बजावलं.

हरभऱ्याची भाजी संपून बाजारात कैऱ्या आल्या, तेव्हा गोदाबाई परीक्षेपुरत्या गाळ्यावर बसल्या. योगेश हेल्मेट मांडीवर घेऊन शेजारी. पायलने मेथीची जुडी उचलली, उलटीपालटी केली आणि नाक मुरडलं.

"बारीक वाटतेय हो, मावशी."

गोदाबाईंनी पदर सावरला. श्वास घेतला, तशा दोन्हीकडच्या बरगड्या सारख्याच उघडल्या. "बारीक म्हणायला ती काय तुझी सून हाय व्हय गं पोरी, रोज लोकांच्या बरगड्या मोजून मोजून सवय लागली असंल तर माझ्या मेथीला सोड आन् त्या आमच्या योगेशला तपास, पोरगं दिवसभर कम्प्युटरपुढं बसून पार वाळून गेलंय!"

पायलचं शब्दांकडे लक्षच नव्हतं. श्वास कुठे तुटतो, ते ती ऐकत होती. तो कुठेच तुटला नाही.

योगेशने हेल्मेट उचललं. "आई, उद्या इथे किती वाजता सोडू?"