इंदुरीच्या विहिरीचं तीर्थ

विठाबाई इंदुरीच्या घराच्या ओट्यावर बसून देवाची भांडी चिंचेनं घासत होत्या. ताम्हण लखलखीत झालं होतं, तांब्या अजून अर्धा काळाच होता. तेवढ्यात सई येऊन शेजारी टेकली.

सई त्यांची धाकटी लेक. तळेगावच्या एका प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायची. ते जिवाणू डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण तयार करतात, त्या कणांचं लाल पाणी क्रोमचं विष मिसळलं की निळं पडतं, हे तिनं आईला कितीदा तरी समजावलं होतं. "एवढं शिकून किडेच पाळलेस व्हय," असं विठाबाई चिडवायच्या. पण लेकीनं तपासायला विहिरीचं पाणी मागितलं तेव्हा त्यांनी हौसेनं दिलं, तेही देवाच्या तांब्यातून. चांगल्या कामाला प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी कोण देतं?

ते मिसळताच सईचं लाल पाणी निळं पडलं. तांबं पाण्यात उतरलं तरी असं होतं, सई म्हणाली होती. म्हणून तिनं काचेच्या बाटलीत पुन्हा पाणी नेलं होतं. तेवढ्या आशेवर विठाबाई रोज समईपुढं हात जोडत होत्या.

"काचेतल्याचं काय झालं गं?"

"तेही निळंच, आई."

वरच्या अंगाला नळांना क्रोमची चकाकी देणारी शेड होती, तिचं पाणी ओढ्यात सुटायचं आणि तिथून विहिरीत मुरायचं. विठाबाईंना शेड नाही, आपले मालक, सईचे आबा भिमाजी, आठवले. त्यांची किडनी गेली तेव्हा दवाखान्यातलं पाणी त्यांना नको वाटायचं. म्हणून त्या विहिरीचं पाणी तुळस घालून न्यायच्या, पळीपळीनं पाजायच्या. चैत्रात ते गेले.

"म्या पाजलं त्यांना."

"त्यानंच झालं असं नाही म्हणता येत. आबांना साखर होती."

"पर त्यानं न्हाई झालं, असंबी न्हाई ना म्हणता येत?"

सई हळूच म्हणाली, "जिवाणूंनी केलेले लोखंडाचे कण या विषाचा जोर मोडतात. आमचे सर विहिरीवर त्या कणांची टाकी बसवून बघू म्हणतायत."

"बसवा. तवर देवाला नळाचं चालंल. तो समदं पचवतो."

हात चिंचेनं माखले होते, डोळे पुसता येईनात. विठाबाई तशाच उठल्या. शेजारच्या कैलासची बायको अनिता पोटुशी होती, आणि रोज याच विहिरीवर हंडा भरायची. तिला पाणी भरू नको म्हणून सांगायला जायचं होतं.