उचलून घेण्याचं वय

माझ्या मुलीची शाळा एका जुन्या बंगल्यात भरायची. चालता न येणारी, बोलता न येणारी, उशिरा समजणारी अशी मुलं तिथे होती. आम्ही आया बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायचो. नाशिकरोडला घरी परत जाऊन पुन्हा यायचं म्हणजे द्वारका चौकाच्या गर्दीतच अर्धा वेळ जायचा. शिवाय मधेच कुणाला शी-शू होते, कुणाला फिट येते, मग आईला हाक मारतात.

तिथेच ती मला भेटली. राहायला पंचवटीत, माहेर मालेगावचं. नवरा रिक्षा चालवायचा, सकाळी तोच मायलेकांना सोडून जायचा. मुलाला स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार होता. लहानपणी तो पळायचा म्हणे. मग पडायला लागला, मग भिंत धरून चालायला लागला, आणि मी त्याला पाहिलं तेव्हा चाकाच्या खुर्चीत होता. डोकं मात्र तल्लख. माझी मुलगी चालत नाही, बोलत नाही, तर मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी खुर्ची लावून घ्यायचा आणि दोघांचंही तोच बोलायचा. "आज काय आणलंय? भेंडी? मला नाही आवडत. तुला आवडते? बरं, मग तू खा." मुलगी खिदळायची.

बंगल्याला पायऱ्या होत्या आणि खुर्ची चढवायला रॅम्प नव्हता. आई त्याला उचलूनच न्यायची. तो तिच्या खांद्याला लागेल एवढा झाला होता, पाय लोंबकळायचे. उचलताना माहेरच्या अहिराणीत "मना राजा, चाल" म्हणायची आणि खाली ठेवला की कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ वाकलेलीच उभी राहायची.

"पाठ गेली ताई माझी," म्हणायची. "जड शे तो आता."

बाकावर तो विषय निघायचाच. आपल्यामागे यांचं कोण करणार? कुणीतरी म्हणायचं, देवाने आपल्या आधी यांना न्यावं. बाकीच्या माना हलवायच्या. मीही हलवली आहे. ती मात्र उठून नळावर पाणी प्यायला जायची.

दिवाळीनंतर तो वाळायला लागला. डबा तसाच परत जायचा. एकदा मी मुलीला भरवत होते, तो शेजारी होता. मी विचारलं, "तू का खात नाहीस रे?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. "मुद्दाम कमी खातो, मावशी. वजन वाढलं तर आईची पाठ मोडेल."

"अरे, आईला पाठीपेक्षा तू..." मी म्हणायला लागले.

तोच मला समजावायला लागला. "तुम्ही पण हिला जपून उचलत जा. गुडघ्यात वाकायचं. सर सांगतात आईला, ती ऐकतच नाही."

मी बाहेर जाऊन तिला सांगितलं. ती आत गेली, डबा उघडला आणि पोळीचा घास करून त्याच्या तोंडाशी धरला. तो मान फिरवायला लागला.

"खा. नाहीतर मी पण जेवणार नाय."

"आई, पण तुझी..."

"माझी पाठ माझी मी बघीन. तू खा."

दोघंही रडत होती, आणि तो खात होता.

त्याच थंडीत त्याच्या छातीत कफ झाला. खोकून बाहेर टाकायची ताकद अंगात उरली नव्हती. दवाखान्यात ठेवलं, काही दिवस मशीनवर होता, आणि गेला.

तेरावं झाल्यावर एका सकाळी ती शाळेत आली. एकटीच. आम्ही सरकून तिला तिची जागा दिली. मी मुलीला आत न्यायला उठले तशी ती "द्या इकडे" म्हणाली. माझ्याकडून मुलीला घेतलं, पायऱ्या चढली, वर्गात बसवून आली. मग बाकाजवळ उभीच राहिली.

"ताई, पाठ दुखत नाय आता. गोळ्या खाल्ल्या, शेकलं, पट्टा बांधला, तरी थांबत नव्हती. आता सकाळी उठते ती सरळ उभी राहते." तिने माझा हात धरला. "मला नको शे अशी पाठ."

भिंतीला टेकून ती मोठ्याने रडली. वर्गात गाणं चाललं होतं, ते थांबलं.

त्यानंतरही ती येत राहिली. कुणाचं मूल धरायची, कुणाचं तोंड पुसायची. एकदा नव्याने आलेल्या एका आईने तिला सहज विचारलं, "तुमचं कोण आहे इथे?" ती काहीतरी पुटपुटली आणि पिशवी उचलून गेली. पुन्हा आली नाही.

आता नवरा-बायको दोघं मालेगावलाच असतात. अधूनमधून तिचा फोन येतो. मागे यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, तिला ओरडून बोलावं लागतं. मी एकदा म्हटलं, "जरा बाजूला जाऊन बोल ना, काही ऐकू येत नाही."

"नको ताई," ती म्हणाली. "पंचवटीच्या घरात फार शांत झालं होतं. इथं बरं शे."

मग तिने आज भाजी काय केली ते विचारलं. मी कारल्याची म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं.