डॉक्टरांना मी ‘काही नाही’ म्हणालो

“हिच्या युरेटरला सुई लागली आहे,” युरोलॉजिस्ट म्हणाले. युरेटर म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणारी नळी. “लघवी पोटात झिरपतेय. असं क्वचितच होतं. लवकर कळलं तर नळीत स्टेंट टाकून निभावतं. तुम्ही उशिरा आलात.”

उशीर माझ्यामुळे झाला होता. तिथे मी ते बोललो नाही.

आम्ही बोरिवलीत राहतो. माझी सून मानसी आयव्हीएफचे उपचार घेत होती. त्यात एग रिट्रीव्हल असतं: भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, योनिमार्गातून सुई घालून अंडाशयातली स्त्रीबीजं काढतात. ते झालं आणि मुलगा अभय कामासाठी बाहेरगावी गेला. दुसऱ्याच दिवशी मानसीची एका बाजूची कूस दुखायला लागली. उलट्या, ताप. रविवार होता, आयव्हीएफ सेंटरचा फोन कोणी उचलेना. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिला जिना उतरवायला शेजारचे तात्या आले. तात्या आमच्याच गावचे, मालवणकडचे.

कॅज्युअल्टीत डॉक्टरबाईंनी विचारलं, “अलीकडे काही प्रोसिजर, ऑपरेशन?”

मानसीने तोंड उघडलं. तात्या खाटेला टेकूनच उभे होते. “काय खाल्लंस गो बाय भायरचा?”

आयव्हीएफचं तात्यांना कळलं तर गावकऱ्यांच्या मंडळात कुजबुज होईल, एवढंच मला दिसलं. “काही नाही,” मीच म्हणालो. “पाणीपुरी बाधली असेल.”

सोनोग्राफीत मूत्रपिंड सुजलेलं दिसलं. मुतखडा समजून सलाईन, अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मानसी हळूच म्हणाली, “बाबा, आता तरी सांगू?” तात्यांची बायको पेज घेऊन बसली होती. मी म्हटलं, “खडाच आहे गं. अभय आला की बघू.”

अभय आला, त्याने येताच डॉक्टरांना सगळं सांगितलं. मग सीटी स्कॅन, अंधेरीचं मोठं हॉस्पिटल. स्टेंट आत जाईना. नेफ्रोस्टॉमी केली, म्हणजे पाठीतून नळी घालून लघवी बाहेर काढली. जंतुसंसर्ग हटेना. शेवटी ते मूत्रपिंड काढावं लागलं.

“तुला तोंड नव्हतं का?” अभय वॉर्डात तिच्यावर ओरडला. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे होऊन सांगितलं नाही.

मूल सध्या नको, असं डॉक्टर म्हणाले. सध्या म्हणजे किती, ते सांगत नाहीत. मानसी छत्तिशीची आहे. तयार झालेले गर्भ सेंटरमध्ये गोठवून ठेवलेत. घरात त्यांचं नाव कोणी काढत नाही.

गेल्या आठवड्यात मी अभयला खरं सांगितलं. तो जेवणावरून उठला. मानसी ताट उचलत म्हणाली, “आता कशाला सांगितलंत, बाबा? त्याला निदान माझ्यावर चिडता येत होतं.”

तुमच्यावर अशी वेळ आली तर सोबतच्या माणसांना खुशाल बाहेर काढा. आणि डॉक्टर पेशंटला विचारत असतील तर तिला बोलू द्या.