ग्राफ आला, दिसलं नाही

"ताई, लाईट लागला का?" सुनंदाने विचारलं.

लाईट केव्हाच लागला होता. गॉगलमधले लाल फ्लॅश तिच्या डोळ्यांवर पडत होते आणि माझ्या स्क्रीनवर स्वच्छ ग्राफ उमटत होता.

मी नाशिकच्या एका न्यूरो क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे. या टेस्टला व्हीईपी म्हणतात. डोळ्यांवर प्रकाश टाकायचा आणि डोक्याच्या मागे चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवरून मेंदूचा प्रतिसाद टिपायचा.

सुनंदा कळवणकडची, बावीस वर्षांची. बाळंतपणात बीपी वाढून झटके आले, तेव्हापासून तिला दिसत नव्हतं. दोन महिन्यांच्या मुलीचा चेहरा तिने पाहिलेला नव्हता.

टेस्ट संपली. मी तिला उठवलं. वाटेत स्टूल होतं. ती त्याला वळसा घालून गेली.

दारातून नवरा ओरडला, "बघा मॅडम! आंधळी असती तर धडकली नसती? लय नाटकं करते."

"मला नाय माहीत तिथं काय होतं," सुनंदा म्हणाली. "पाय आपोआप वळले."

मी रिपोर्टवर लिहिलं, 'रिस्पॉन्स नॉर्मल.' खोटं काहीच नव्हतं.

आमच्या डॉक्टर सरांनी नवऱ्याला समजावलं, "नॉर्मल म्हणजे सिग्नल मेंदूपर्यंत पोचतोय, एवढंच. तिला दिसतंय असा अर्थ नाही. एमआरआय करून घ्या."

"डोळे नॉर्मल, मेंदू बी नॉर्मल. मग एमआरआय कशाला?" तो रिपोर्ट घेऊन निघून गेला.

महिन्याने तिचा भाऊ तिला घेऊन आला. दोन्ही हातांना बँडेज. सासरी माझा रिपोर्ट वाचून दाखवला होता. दिसतंय ना, मग टाक भाकरी, म्हणून तिला चुलीपुढे बसवलं होतं.

एमआरआयमध्ये मेंदूचा मागचा, बघण्याचा भाग दोन्ही बाजूंनी खराब निघाला. सर म्हणाले, "थोडा भाग वाचलाय. ग्राफ येतो, स्टूल चुकवता येतं. पण आपण बघतोय हे कळायला तेवढा पुरत नाही."

"परत दिसेल?" भावाने विचारलं.

सरांनी एमआरआयची फिल्म पाकिटात घालून त्याच्या हातात दिली.

सुनंदा माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "ताई, मी खोटं बोलत नव्हते, एवढं तरी लिहून द्या."

तसं लिहून द्यायला आमच्या फॉर्ममध्ये जागा नाही. मुलगी सासरीच राहिली. सुनंदा भावाकडे असते.

आता मी प्रत्येक रिपोर्टखाली मराठीत एक ओळ जास्त लिहिते : 'पेशंटला दिसतं की नाही, हे या टेस्टवरून ठरत नाही.' बहुतेक नातेवाईक 'नॉर्मल'पर्यंतच वाचतात.