पुढच्या खोलीतली शेकोटी

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका विमा कंपनीत आसावरी सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या कामातली चूक तिच्या नजरेतून सहसा सुटायची नाही. घराच्या बाबतीत मात्र तिचं धोरण साधं होतं: गळत नाही ना, मग राहू दे.

ती वाढली नागपूरच्या फ्लॅटमध्ये. घर दर ऋतूत आपल्याकडे काहीतरी मागत असतं, हे तिला इथं येऊन कळलं. पानगळीत छताच्या पन्हाळी उपसायच्या, थंडीआधी बागेतल्या नळाचं पाणी बंद करायचं, उन्हाळ्यात खिडक्यांना रंग द्यायचा. तिनं आणि नवरा विनयनं नव्वदेक वर्षांचं जुनं सेमी, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी जोडलेलं घर घेतलं, तेव्हा शेजारणीनं हे सगळं तिला हौसेनं सांगितलं होतं. पण विनय आठवड्यातले बरेच दिवस एडिनबराला क्लायंटकडे असायचा. आसावरी जमेल तेवढं करायची, बाकीचं पुढच्या वर्षावर ढकलायची. एप्रिलमध्ये राखाडी मानेचे जॅकडॉ चोचीत काटक्या आणून धुराड्यात टाकत होते, तेव्हा तिनं आणि इथंच वाढलेल्या लेकीनं, तनूनं, अंगणात उभं राहून त्यांचे फोटो काढले. कावळ्याच्या जातीतले असले तरी दिसायला गोड होते.

ऑक्टोबरच्या शेवटी आसावरीचे बाबा आले. मुरलीधरपंत नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटेच राहणारे. शब्दकोडं चहा गार व्हायच्या आत संपवणारे. विमानतळावर त्यांनी पंधरा वर्षांच्या नातीला पहिलाच प्रश्न केला, "काय बाप्पा, किती उंच होणार आहेस अजून?"

थंडी मात्र त्यांना सोसेना. म्हणून आसावरीनं पुढच्या खोलीतली गॅसची शेकोटी त्यांच्यासाठी लावून दिली. धुराड्याच्या तोंडाशी बसवलेली ती जुनी गॅस फायर घर घेतल्यापासून कुणी पेटवली नव्हती. पहिल्या झटक्यात पेटली, तशी आसावरीला धन्य वाटलं. बाबा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि तिथलेच झाले. ऊब जाऊ नये म्हणून दार कायम लोटलेलं.

नोव्हेंबरच्या मध्यात काहीतरी बिघडायला लागलं. बाबांचं डोकं दुखायचं. शब्दकोडं अर्धवट राहायचं. बोलता बोलता वाक्य सुटायचं आणि ते नुसते बघत बसायचे. एका संध्याकाळी तनू स्वयंपाकघरात आली ती रडवेली होऊन.

"आई, आजोबा मला श्यामला म्हणाला. दोन वेळा. मी सांगितली, मी तनू आहे, तरी पण."

श्यामला म्हणजे आसावरीची आई.

जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, बाबांना वार विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले. बाबा मध्येच अडखळले. या वयात स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, डॉक्टर हळुवारपणे म्हणाली. नागपूरला परतल्यावर मेंदूच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. आसावरीनं मान डोलावली. बाबांना घरी सोडलं, वाणसामान आणायच्या निमित्तानं बाहेर पडली आणि सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडीतच बसून रडली. भाऊ संजय नागपूरला असला तरी त्याची फिरतीची नोकरी. बाबांनी एकट्यानं राहायचं कसं? इथं कायमचं आणायचं तर व्हिसा कोण देणार?

बाबांनाही कळत होतंच. एकदा तिनं चहा आणून दिला, तेव्हा कप हातात धरून ते म्हणाले, "आसू, माझं डोकं चाललंय गं."

"काहीतरीच काय बाबा. थंडीनं होतं असं."

"थंडीनं माणूस बायको गेली हे विसरत नाही आणि नातीला बायको समजत नाही," ते म्हणाले. 

डिसेंबरच्या सुरुवातीला मामेबहीण वरदानं सगळ्यांना लेस्टरला बोलावलं. शुक्रवारी पोचले तेव्हा बाबा गप्प होते. शनिवारी दुपारी त्यांनी वरदाच्या नवऱ्याला रमीत सलग हरवलं. रविवारी बेलग्रेव्ह रोडवरून फिरताना, तीस वर्षांपूर्वी गोरेवाड्याच्या पाइपलाइनवर कोणत्या कंत्राटदारानं कशी टोपी घातली, ते नावानिशी सांगितलं. वरदा म्हणाली, "यांना काही झालेलं नाही. तुमच्या घरात बोलायला कुणी नसतं, एवढंच." आसावरीला ते लागलं, पण पटलंही.

सोमवारी तिनं ठरवून घरून काम केलं. लॅपटॉप घेऊन बाबांच्या शेजारीच बसली, मधूनमधून बोलता येईल म्हणून. सकाळी गप्पा झाल्या. अकराच्या सुमारास बाबांची उत्तरं तुटक व्हायला लागली. बाराला तिचंच डोकं ठणकत होतं. स्क्रीनवरची एकच ओळ ती परत परत वाचत होती आणि अर्थ लागत नव्हता. 

तिनं मान वर केली. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. शेकोटीच्या वरच्या कडेला काजळीचा पट्टा दिसत होता. आणि ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, सुस्तपणे डोलणारी.

लेस्टरला बाबा बरे होते. इथं येऊन पुन्हा बिघडले. आणि आता मी.

"बाबा, उठा."

"काहून? बरं वाटतंय इथं."

"उठा म्हणते ना! बाहेर चला."

तिनं गॅस बंद केला, दार-खिडक्या सताड उघडल्या आणि बाबांना दंडाला धरून बाहेर नेलं.  पावसाच्या भुरभुरीत, अंगणाच्या कठड्यावर बसून तिनं गॅसच्या तातडीच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, घरात आणखी कुणी आहे का? परत आत जाऊ नका. दोघंही हॉस्पिटलला जा, गाडी तुम्ही चालवू नका. शेजारणीनं आपली गाडी काढली.

हॉस्पिटलमध्ये दोघांचं रक्त तपासलं. दोघांच्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. बाबांच्या बराच जास्त. डॉक्टरनं समजावून सांगितलं: जळलेला वायू धुराड्यातून बाहेर पडला नाही की खोलीत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, विसरभोळेपणा, गोंधळ, सगळं त्याचंच.

बाबांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. आपल्या जपून जुळवलेल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?"

"तसंच वाटतंय," डॉक्टर हसला. "काही आठवडे लक्ष ठेवू. पण मास्क लावा आधी."

बाबांनी मुकाट्यानं मास्क लावला. डोळे मिटले. त्यांचे खांदे हलताना दिसले तशी आसावरी घाबरून पुढे वाकली. ते हसत होते. मग तीही हसायला लागली, आणि पडद्यापलीकडची नर्स काय झालं म्हणून बघायला आली.

गॅस इंजिनिअर आला, त्यानं शेकोटी काढून धुराडं तपासलं. आतून बादल्या भरभरून काटक्या निघाल्या, लोकर, पिसं, कुणाच्या तरी बागेतली हिरवी दोरी. शिवाय भिंतीत हवा यायला ठेवलेली जाळी चिकटपट्टीनं नीट बंद केलेली होती.

"पट्टी मी लावली," बाबांनी सांगून टाकलं. "वारा लागत होता. चारी कडा बघ कशा बसवल्यात."

"छान बसवल्यात," आसावरी म्हणाली. "आणि काटक्या पडताना मी फोटो काढत होते."

विनय सुट्टी टाकून आला. शेकोटी कायमची काढून टाकली आणि तिच्या जागी रेडिएटर बसवला. धुराड्यावर जाळीची टोपी आली. स्वयंपाकघरात बॉयलरजवळ या वायूचा इशारा देणारा एक अलार्म होता, पण लोटलेल्या दारामुळे तो कधी वाजला नव्हता; आता पुढच्या खोलीतही आला. तनूनं बटण दाबून तो वाजवून बघितला तेव्हा बाबांनी कान झाकले, पण नको म्हणाले नाहीत. त्या रात्री आसावरी जेवून झोपली ती सकाळी उशिरापर्यंत उठली नाही. कुणी उठवलंही नाही.

जानेवारीत जीपीनं बाबांना पुन्हा तेच प्रश्न विचारले. बाबांनी आकडे उलटे म्हटले, आणि डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत थांबले नाहीत.

मार्चमध्ये पन्हाळी साफ करायला माणूस आला, त्या दिवशी संजयचा फोन होता. बाबा कसे आहेत, त्यानं नेहमीच्या दबक्या आवाजात विचारलं. "पन्हाळी साफ करणाऱ्या माणसाला शिकवतायत, ऐक," म्हणत आसावरी मागच्या दारात गेली आणि तिनं फोन बाहेर धरला. बाबा शिडीच्या पायथ्याशी उभे राहून, पन्हाळीला उतार कोणत्या बाजूला हवा आणि पाणी कुठं तुंबतं, ते हातवारे करत सांगत होते.

"तो माणूस ऐकतोय का?" संजयनं विचारलं.

"ऐकतोय. पण बाबा मराठीत सांगतायत, त्यामुळे त्याला काही कळत नाहीये."

संजय मोठ्यांदा हसला. मग म्हणाला, "फोन तसाच धर जरा, ऐकू दे." आसावरीनं फोन पुन्हा बाहेर धरला.