वीराची हळद

आमच्या बांधावरचा वीर मी घरात कुणाला न विचारता इंदापूरच्या संग्रहालयाला देऊन टाकला.

वीर म्हणजे लढताना पडलेल्या आमच्या कुणा पूर्वजाचा कोरीव दगड. बारामतीला कालव्याखालच्या आमच्या उसाच्या कडेला तो पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खात उभा होता. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. जुनी वस्तू देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी तिथं भिंतीवर लावतात, असं कुणीतरी सांगितलं, आणि भिंतीवर नाव लागायचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नव्हता. वडील सुप्याच्या बाजाराला गेलेले पाहून मी गाडी जुंपली.

त्यावर घरात जे व्हायचं ते झालं आणि वडील सोडून बाकीच्यांपुरतं मिटलंही. मग बहिणीचं लग्न ठरलं. आमच्यात पहिली हळद वीराला लागते, तीही घरच्या पुरुषाच्या हातची. त्याच वाटीतली उरलेली मग नवरीला. वीर इंदापुरात, नवरी बारामतीत. बहिणीनं सांगून टाकलं, "वीराला लागल्याबगर मी पाटावर बसायची न्हाय." वडील माझ्याशी बोलत नव्हतेच. ते आत्याला म्हणाले, "ज्यानं दिला त्यालाच धाडा. आन् तू संगं जा, न्हायतर वाटीबी कुणाला तरी देऊन यील."

सर्व्हिस मोटारीत वाटी माझ्या मांडीवर. सणसरच्या पुढं मोटार खड्ड्यात गेली आणि निम्मी हळद माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या कोटावर आली.

"तुजं लगीन हाय व्हय?" आत्या म्हणाली.

संग्रहालय होतं कुणा गोऱ्या साहेबानं बांधलेल्या दगडी बंगल्यात. भक्कम कमानी, कौलं, छताला पंखा ओढायच्या कड्या, आणि दिवाणखान्यात शेकोटीसाठी धुराडं. इंदापूरच्या उन्हात शेकोटी बांधणारा तो साहेब माझ्याच पंथाचा असावा. व्हरांड्यात एका रांगेत सगळे वीर, आणि वर पाटी: हात लावू नये.

व्यवस्थापक पुण्याकडचे, किडकिडीत, चष्मेवाले. आत्यानं हात जोडले.

"दादा, एक बोट हळद. पोरीचं लगीन अडलंय."

"बाई, तेल-हळदीनं दगड खराब होतो. सोडा लावून मी स्वतः घासलेत सगळे. आज तुम्ही हळद लावाल, उद्या कुणी कोंबडं घेऊन येईल."

"मग आमचा आमाला माघारी द्या."

"दिलेली वस्तू परत देता येत नाही. समितीपुढं जावं लागतं."

"कवा बसती समिती?"

"उन्हाळ्यात बसत नाही."

लग्नं उन्हाळ्यात होतात आणि समिती पावसाळ्यात बसते. मी कपाळाला हात लावला. तोही हळदीचा निघाला.

मग मी आत्याच्या कानाशी लागलो. आत्या पुन्हा व्यवस्थापकांकडं वळली. "न्हाय तर न्हाय. आतमंदी काय काय हाय ते तरी दावा. लई लांबनं आलोय." आजवर त्यांना असं कुणी विचारलं नसावं. माणूस खुलला आणि तिला आत घेऊन गेला. तलवारी, नाणी, काचेवरची चित्रं. त्यांचं अखंड बोलणं आणि आत्याचं "व्हय, व्हय" बाहेर ऐकू येत होतं.

मी रांगेपुढं उभा राहिलो आणि आपला कुठला तेच कळेना. शेंदराखालचा आमचा वीर मी जन्मात पाहिला नव्हता, आणि इथं सगळे घासूनपुसून लख्ख. माझ्या नावाची चिठ्ठी सापडली, पण ती नेमकी दोन दगडांच्या मधल्या भिंतीवर. डावीकडं तलवार उपसलेला घोडेस्वार. उजवीकडं पायी चालणारा एक गडी, मागं गुरं. शाळेत मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो की आमचा पूर्वज घोडदळाचा सरदार होता. विचार कसला करायचा? मी घोडेस्वार माखला. घोडाही माखला.

आत्या बाहेर आली आणि थबकली. "ह्यो कोन?"

"आपला वीर."

"आपला गुरं सोडवताना मेला. घोड्यावर कवा बसला त्यो? बसलाच आसंल तर रेड्यावर."

व्यवस्थापकांनी पिवळ्या घोड्याकडं पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. "हा दुसऱ्या गावचा आहे हो," असं काहीसं म्हणून ते पायरीवरच बसले.

आत्या त्यांच्याजवळ टेकली. आवाज उतरला होता तिचा. "दादा, परक्याच्या वीराला आमची हळद लागली आन् आमचा कोरडा ऱ्हायला. आता घरी जाऊन पोरीला काय सांगू?"

ते पायरीवरून उठले. शेवटी म्हणाले, "लावा. पण दोन्ही दगड हा घासून देईल. आत्ता."

तळाशी उरलेली हळद बोटानं निपटून मी गुरांवाल्याला लावली. वाटीला जे चिकटून राहिलं ते आत्यानं फडक्यात बांधून पदराखाली घेतलं. बहिणीचं काम झालं.

माझं राहिलं होतं. सोडा आणि कुंचा घेऊन मी उकिडवा बसलो. आत्या कमानीच्या सावलीत शिदोरी सोडून बसली. व्यवस्थापक माझ्या डोक्यावर उभे. "कानाकडं राहिलंय," ते म्हणायचे. घोड्याच्या कानातली हळद काही केल्या निघेना. गुडघे सोलले, कोट गेला, मोटार निघून गेली.

"दादा," घास चावत आत्या म्हणाली, "आमचा वीर आमाला द्या, आन् बदली ह्याला ठेवा हितं मांडून."

व्यवस्थापकांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"नको हो, बाई. ह्याला बघायला कोण येणार?"