मुदत संपलेलं गाणं

धाडच्या स्टँडसमोर माझं कृषी केंद्र होतं त्या काळात घरी माझ्या मुलीच्या भिंतीवर सात कोरियन पोरं लटकत होती. एकाचे केस चंदेरी, एकाचे जांभळे, आणि मधल्याच्या डोक्याला तर बीजप्रक्रिया केलेल्या सरकीचा तो भडक गुलाबी रंग. सगळ्यांच्या तोंडाला पावडर. मोबाइलवर त्यांचं गाणं लागलं की सातही जण एकदम एकाच बाजूला मान मोडायचे. मी दारात उभा राहून हे बघायचो आणि हसायचो. दुसऱ्याला हसायची मला तेव्हा फार हौस होती.

"यातला कोण कोणता, हे तुले तरी ओळखू येते का?" मी एकदा विचारलं.

मुलगी बारावीला होती, बुलढाण्याच्या कॉलेजात एसटीनं जायची. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, तुमच्या दुकानात पंधरा कंपन्यांचं कपाशीचं बीटी बियाणं हाय. सारी सरकी एकसारखीच दिसते. तुमी काय सांगून इकता?"

"मी वाण सांगतो."

"मंग मी बी वाणच सांगून राह्यली. तुमाले आयकाचं नाही, एवढंच."

तिची एक मैत्रीण होती. आमच्या मागच्या गल्लीतली, बालवाडीपासूनची. तिचे अब्बा माझ्याकडूनच बियाणं न्यायचे. दोघी एकाच एसटीनं जायच्या, एकाच मोबाइलची वायर एकेक कानात घालायच्या, आणि तरी भांडायच्या. कारण माझ्या मुलीचे ते सात जण आताचे, आणि मैत्रिणीला आवडायचा तो पाच जणांचा जुना ग्रुप, कधीच फुटलेला. त्यातला एक लष्करात जाऊन आला, एक म्हणे आता हॉटेल चालवतो. मैत्रिणीच्या मावशीनं औरंगाबादला शिकताना ती गाणी ऐकली, मावशीचं लग्न झालं तेव्हा मेमरी कार्ड भाचीला मिळालं.

"हे पाच नसते तं तुये सात आलेच नसते," मैत्रीण म्हणायची. "नाचाच्या साऱ्या स्टेप त्याहीच्या चोरल्या तुयावाल्यानं."

"म्हातारे झाले ते."

"तू बी होशीन."

मी मधेच नाक खुपसायचो. "पोरींनो, तिकडं कोरियात पिढ्या बदलून राह्यल्या न् तुमी इथं वारस नोंदी करून राह्यल्या. तलाठ्याकडे जा."

मैत्रीण तोंडाला ओढणी लावून हसायची. माझ्या असल्या फालतू विनोदाला हसणारं गावात तेवढं एकच माणूस होतं, हे मला नंतर कळलं.

आता धंद्याचं सांगतो. बियाण्याच्या कंपन्या आम्हा दुकानदारांना टार्गेट देतात. एवढी पाकिटं खपवा, परदेशात फिरवून आणू. शेतकऱ्याला वाटतं दुकानदार आपल्या जमिनीकडे बघून वाण सांगतो. दुकानदार विमानाकडे बघून सांगतो. त्या वर्षीची सहल होती कोरियाची. मला कोरियाशी काय देणंघेणं? पण माझ्या साडूला, तोही बियाण्याचाच दुकानदार, आदल्या वर्षी बँकॉक लागलं होतं आणि तो हत्तीवर बसलेला फोटो घेऊन लग्नालग्नातून फिरत होता. एवढ्या उदात्त कारणासाठी मी पेटलो.

जूनमध्ये माझ्या टार्गेटला थोडी पाकिटं कमी पडत होती. मैत्रिणीचे अब्बा आले. म्हणाले, "सेठ, औंदा कपाशी नाही लावत. मागल्या साली शेवटच्या वेचणीले बोंडात गुलाबी अळी दिसली मले. ज्वारी टाकतो न् सोयाबीन."

"मागल्या सालचं इसरा," मी म्हणालो. पाकीट उलटं करून लॉट नंबर आणि मुदतीची तारीख दाखवली. "पाहा. नवा लॉट हाय. ताजा माल. अळी मागच्या मालाले लागली, ह्याले नाही लागत."

हे मी कोणत्या शास्त्राच्या आधारे बोललो, ते देवाला माहीत. त्यांनी तारखेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाकिटं नेली. माझं टार्गेट त्यांच्या पिशवीवर पुरं झालं.

दिवाळीनंतर बोंडं फोडली की आत गुलाबी अळी आणि कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. एका शेतात नाही, सगळीकडे. वेचायला बायका मिळेनात, कारण वेचण्यासारखं काही नव्हतं. लोक कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडत होते. दुकानात येऊन शेतकरी माझ्यासमोर बोंड ठेवायचे आणि निघून जायचे. काउंटरवर ती बोंडं साठत गेली आणि मी सहलीसाठी गरम टोपी शोधत होतो.

अब्बांच्या हातात कपाशीचा पैसा आला नाही, आणि मैत्रिणीचं कॉलेज सुटणार असं ठरलं. संक्रांतीनंतर ती दुसरबीडला मामाकडे जाणार होती. मामाचं रस्त्यावर टायरचं दुकान, मामीला शिवणकामात हात हवा होता. मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा सोबत एक चिठ्ठी दिली. वर दोन ओळी कोरियन अक्षरांत.

"बाबा, पहिला अल्बम माया. दुसरा तिचा. ती जाऊन राह्यली, तिले देतो म्हटलं मी. माया नाही भेटला तं चालते. तिचा इसरू नका."

"तुया बापाले काय समजून राह्यली तू?" मी म्हणालो. बरोबर समजत होती, म्हणूनच दोनदा सांगितलं.

तर कोरिया. चाळीस दुकानदार, चाळीस पिवळ्या टोप्या, पुढे झेंडी घेतलेला एक गाइड. राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही शेव-चिवडा आणि बायकोनं दिलेला ठेचा खाल्ला. एकानं हॉटेलच्या किटलीत डाळ शिजवायला घातली आणि मजल्यावरची आगीची घंटा वाजली. कोणाच्याही तोंडात गावच्या कपाशीचा विषय नव्हता. सगळे पुढल्या सहलीचं बोलत होते. मी पण.

अल्बमचं दुकान तीन मजली होतं. काउंटरवरच्या मुलीला मी चिठ्ठी दिली, तिनं वाकून नमस्कार केला आणि सीडीचे दोन डबे समोर ठेवले. आता माझ्या हाताला एक सवय आहे. पाकीट आलं की आधी उलटं करायचं, तारीख बघायची. पहिला डबा उलटा केला: चालू साल. दुसरा उलटा केला तर माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हाचं साल.

अंगात दुकानदार संचारला. म्हटलं, परदेशी गिऱ्हाईक बघून जुना लॉट गळ्यात मारते का? मी डबा परत सरकवला. "ओल्ड. नो. न्यू, न्यू." ती मुलगी चिठ्ठीवर बोट ठेवून काहीतरी सांगत राहिली. मी तिच्याकडे आमच्या तालुक्यातल्या कृषी सहायकाकडे बघावं तसं बघितलं आणि सात पोरांचेच दोन डबे घेतले. बाहेर येऊन टोपीवाल्यांना सांगितलंसुद्धा, की वीस वर्षं धंदा केलाय, मला मुदत संपलेला माल कोणी देऊ शकत नाही.

घरी आलो त्या संध्याकाळी दोघी दुकानातच आल्या. मैत्रिणीनं प्लास्टिक जपून, नखानं काढलं. झाकण उघडलं. मग बंद केलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे काय?"

मी खुशीत सांगितलं. जुनं साल, माझी नजर, त्या पोरीची फजिती, सगळं.

मुलीनं डबा काउंटरवर ठेवला. मैत्रीणच म्हणाली, "चाचा, ते जुनंच होतं. जुनंच पाह्यजे होतं मले."

तिला घ्यायला तिचे अब्बा दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काउंटरवरची बोंडं बघितली, डबा बघितला. "सेठ," ते म्हणाले, अगदी हळू, "मले बी तुमी तारीख पाहूनच देलं. पोरीले बी तारीख पाहूनच आणलं. तुमचा हिशोब दोन्हीकडे सारखाच हाय."

ते चिडून बोलले असते तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं. मी नुसता त्या पिवळ्या टोपीची घडी करत उभा राहिलो.

संक्रांतीनंतर ती गेली. माझ्या मुलीनं दोन्ही डबे कॉलेजातल्या एका श्रीमंत पोरीला विकले, भिंतीवरचं चित्र सुद्धा वर दिलं, आणि कोणाच्या तरी ओळखीनं तो जुना अल्बम मागवला. यायला दोन महिने लागले. कोपरा चेपलेला होता. तो घेऊन ती दुसरबीडला निघाली तेव्हा मी म्हणालो, मी पण येतो.

"या. पण मामाच्या घरी नका येऊ."

मी स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. तीन चहा झाले. समोर टायरच्या दुकानामागून गाण्याचा आवाज यायला लागला, ते पाच जण असणार. मी मन लावून ऐकलं. खरं सांगतो, भिकार होतं. सातांचं होतं तितकंच भिकार, फक्त जरा हळू. एवढ्या लांबून, एवढ्या उशिरा ते आलं म्हणून चांगलं वाटेल, अशी माझी आशा होती. नाही वाटलं. मधेच दोघींच्या हसण्याचा आवाज आला आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा लागलं.

एसटीची वेळ झाली तेव्हा दोघी रस्ता ओलांडून आल्या. शिवणयंत्राची सुई लागली म्हणून मैत्रिणीच्या बोटाला चिंधी बांधलेली होती, आणि त्याच हातात डबा.

"चाचा, चहा पेले का?"

"पेलो, बेटा."

तिनं डबा माझ्यासमोर धरला, उलटा, तारखेची बाजू वर. "पाहून घ्या एकडाव. चालते का?"

मुलगी तोंड फिरवून हसली. मी खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि भर रस्त्यात ती तारीख नीट वाचली. मग डबा दोन्ही हातांनी तिला परत दिला. "चालते," म्हटलं.

"आता कसं," ती म्हणाली, आणि मामीनं हाक मारली म्हणून पळाली.